आयर्लंडच्या कोणत्या तारखा दिनदर्शिकेत घ्याव्यात?

डब्लिनची_केतकी

नमस्कार मंडळी,

डब्लिनला येऊन आम्हाला अकरा वर्षं झाली. रविवारी सकाळी आम्ही काही पालक मिळून मराठी शाळा चालवतो. तीस-पस्तीस मुलं येतात. दरवर्षी शाळेची भिंतीवरची दिनदर्शिका छापतो, चित्रं मुलंच काढतात. ३ जानेवारीला सावित्रीबाई, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, मग पाडवा, आषाढी, गणपती, सगळं आपलं.

यंदा चित्रं वाटून देताना नऊ वर्षांच्या एका मुलीनं विचारलं, "मावशी, आपण राहतो इथे, मग इथलं काहीच कसं नाही यात?" मला उत्तर देता आलं नाही. तेव्हा ठरवलं की दर महिन्याला आयर्लंडचा एक दिवस घ्यायचा. दोनच अटी: मुलाला त्याचं चित्र काढता यावं आणि आईबाबांना तो पाच मिनिटांत सांगता यावा.

सुरुवात मी १ फेब्रुवारीने केली आहे, सेंट ब्रिजिडचा दिवस. माझा मुलगा गेल्या वर्षी शाळेतून लव्हाळ्याचा क्रॉस विणून घेऊन आला. मधे चौकोनी वीण, चार बाजूंना चार हात, टोकं दोऱ्याने घट्ट बांधलेली. तो दारावर लावतात, घराला आगीपासून राखतो म्हणून. आमच्या दारावर तो तोरणाशेजारी लागला. आता वाळून पिवळा पडलाय, पण लेक काढू देत नाही. हा दिवस २०२३ पासून सार्वजनिक सुट्टीचा झाला. फेब्रुवारीतला पहिला सोमवार सुट्टी. १ तारीख शुक्रवारी आली तर तोच दिवस. एका बाईच्या नावाची इथली ही पहिली सरकारी सुट्टी.

शिवाय माझ्या डोक्यात १७ मार्च (सेंट पॅट्रिकचा दिवस), २४ एप्रिल (१९१६ चा उठाव), १६ जून (ब्लूम्सडे, जेम्स जॉइसच्या 'युलिसिस' कादंबरीचा दिवस) आणि ३१ ऑक्टोबर (हॅलोवीन) आहेत. बाकी महिने रिकामे. सुचवा.

रानजाई

वाचतेय. फार गोड कल्पना आहे. त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी.

वाडेकर_काका

१७ मार्च घ्याच, पण त्याची खरी गोष्ट सांगा. आज सगळीकडे हिरव्या टोप्या आणि बिअर दिसते, पण आयर्लंडात हा दिवस कित्येक पिढ्या देवदर्शनाचा होता. सकाळी चर्च, कोटाला तीन पानी शॅमरॉकची ताजी डहाळी, घरी जेवण. १९०३ मध्ये तो सुट्टीचा झाला आणि पुढे कायद्यानेच त्या दिवशी पब बंद असत. ती बंदी उठली १९६०च्या दशकात. मिरवणुकीची हौस मुख्यतः अमेरिकेत गेलेल्या आयरिश लोकांची. न्यूयॉर्कची मिरवणूक १७६२ पासूनची, डब्लिनच्या सरकारी मिरवणुकीला १९३१ उजाडलं. घरापासून लांब गेलेली माणसं सण जास्त जोरात करतात, हे परदेशातल्या आपल्या गणपतीवरून तुम्हाला सांगायला नकोच.

चिंगी_०७

सेंट पॅट्रिकने साप घालवले म्हणतात ते खरं का?

वाडेकर_काका

चिंगी, हिमयुग संपल्यावर त्या बेटावर साप पोचलेच नाहीत. मधे समुद्र आला. त्यामुळे घालवायला कुणी नव्हतंच. पण मुलांना सापांचं चित्र काढायला आवडेल, तर काढू दे.

पंचांगवाला

केतकीताई, २४ एप्रिलबद्दल थोडं थांबा.

इंग्रजांविरुद्धचा १९१६ चा ईस्टरचा उठाव २४ एप्रिलला झाला हे बरोबर. तो ईस्टरचा सोमवार होता. डब्लिनच्या मुख्य पोस्ट ऑफिसबाहेर पॅट्रिक पिअर्स यांनी प्रजासत्ताकाचा जाहीरनामा वाचला, शनिवारी २९ तारखेला शरणागती झाली. पण आयर्लंड हा दिवस २४ एप्रिलला पाळत नाही, ईस्टरला पाळतो. पोस्ट ऑफिससमोरचा सरकारी कार्यक्रम ईस्टरच्या रविवारी असतो, मग तारीख कोणतीही येवो. म्हणजे आयरिश लोक आपल्या स्वातंत्र्यलढ्यातला सर्वांत मोठा दिवस तिथीने पाळतात! शिवजयंती १९ फेब्रुवारीला की फाल्गुन वद्य तृतीयेला, यावर आपण जितकं बोललो आहोत तितकं क्वचितच कुणी बोललं असेल, म्हणून हे आपल्याला चटकन कळावं.

आणि ती तिथीच आहे, हे शब्दशः. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेपाठोपाठ येणारा रविवार म्हणजे ईस्टर. बहुतेक वर्षी हनुमान जयंती झाली की आठवड्याभरात ईस्टर येतो. २०२४ सारख्या एखाद्या वर्षी होळीनंतर.

गंमत इथे संपत नाही. आयर्लंडचा जुना राजा ब्रायन बोरू ज्या क्लॉन्टार्फच्या लढाईत पडला, ती २३ एप्रिल १०१४ ची, तो गुड फ्रायडे होता. आयर्लंड अधिकृतपणे प्रजासत्ताक झालं १८ एप्रिल १९४९ ला. तो ईस्टरचा सोमवार, उठावाची आठवण म्हणून मुद्दाम निवडलेला. आणि उत्तर आयर्लंडमधला तीस वर्षांचा रक्तपात थांबवणारा करार १० एप्रिल १९९८ चा, त्याला जग ओळखतं गुड फ्रायडे करार म्हणूनच. चारही ठिकाणी लोकांच्या तोंडी तिथी आहे, तारीख पुस्तकात.

डब्लिनची_केतकी

पंचांगवाला, हे वाचून अंगावर काटा आला. अकरा वर्षं इथे राहून हे असं एकत्र कधी पाहिलंच नव्हतं. मग आपल्या दिनदर्शिकेत पाडवा, रामनवमी जशी दरवर्षी बदलून छापतो, तसाच उठावाचा दिवस ईस्टरच्या रविवारी छापते.

शिक्षक_बेळगाव

एप्रिल १९१६ निघालाच आहे तर आमच्या गावचं सांगतो.

लोकमान्य टिळकांनी होमरूल लीग स्थापन केली बेळगावात, २८ एप्रिल १९१६ ला. तो आठवडा बघा. सोमवारी २४ ला डब्लिनमध्ये उठाव, शनिवारी २९ ला शरणागती, आणि मधल्या शुक्रवारी बेळगावात होमरूल लीग. 'होमरूल' हा शब्दच आयरिश लोकांचा. १८७० पासून आयझॅक बट आणि पुढे पार्नेल यांनी तो चालवला, आपण तो जसाच्या तसा उचलला. सप्टेंबरात दुसरी लीग काढणाऱ्या अॅनी बेझंट यांचं घराणंही आयरिश. एकाच आठवड्यात एकाच शब्दाच्या दोन वाटा झाल्या: तिकडे त्या शब्दावरचा भरवसा संपून बंदुका निघाल्या, इकडे तो शब्द नुकता रुजत होता. वर्गात मी हे दोन्ही एकाच फळ्यावर लिहितो तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करतात.

त्याच वेळी डब्लिनमध्ये कायदा शिकणारा एक भारतीय विद्यार्थी उठावानंतर देश सोडायला लावला गेला. व्ही. व्ही. गिरी, पुढे आपले राष्ट्रपती.

अबोली_के

उठावाचं बोलताय तर ग्रेस गिफर्डला विसरू नका. उठावातला एक पुढारी जोसेफ प्लंकेट. ३ मेच्या रात्री किलमेनहॅमच्या तुरुंगातल्या प्रार्थनागृहात त्या दोघांचं लग्न लागलं आणि ४ मेला पहाटे त्याला गोळ्या घातल्या. मी तो तुरुंग पाहिला आहे. प्रार्थनागृह अगदी साधं, लाकडी बाकं, थंडगार. आमचा मार्गदर्शक बोलता बोलता गप्प झाला आणि कुणी फोटो काढला नाही.

३ ते १२ मे या दिवसांत पंधरा जणांना गोळ्या घातल्या. शेवटच्या दिवशी जेम्स कॉनोलीला. तो जखमी होता, उभं राहता येईना, म्हणून खुर्चीला बांधून. उठावाच्या वेळी डब्लिनमधले कितीतरी लोक बंडखोरांवर चिडलेले होते. या पंधरा शिक्षांनी लोकांचं मन फिरवलं.

सातगावचा_शेतकरी

मी इतिहासाचा माणूस नाही. आंबेगाव तालुक्यात सातगाव पठारावर आमचा खरीप बटाटा असतो. पण बटाट्याच्या दुष्काळाचं कुणी काढलं नाही म्हणून लिहितो.

तो दुष्काळ ज्या रोगाने आणला तो आम्ही दरवर्षी बघतो. उशिराचा करपा. शास्त्रीय नाव फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स. चार दिवस आभाळ झाकलेलं, बारीक पाऊस, रात्री गारठा आणि सकाळी धुकं, की छातीत धस्स होतं. आधी पानाच्या कडेला पाणी लागल्यासारखा काळपट डाग. पान उलटं केलं की डागाच्या कडेने पांढरी बुरशी, पिठूळ, ऊन चढलं की दिसेनाशी होणारी. दोन दिवसांत वाफेच्या वाफे उकडल्यासारखे काळे. आणि वास. सडल्याचा तो वास बांधावरूनच येतो. वरून चांगला दिसणारा बटाटाही आरणीत, म्हणजे साठवणीच्या ढिगात, सडतो, शेजारच्याला घेऊन सडतो.

आम्हाला आज मँकोझेबसारखं बुरशीनाशक आहे, पाऊस बघून फवारणी आहे, पंजाबचं बियाणं आहे. १८४५ साली त्या लोकांकडे काहीच नव्हतं. बुरशीने रोग होतो हेच लोकांना माहीत नव्हतं. गरिबाचं सगळं रान एकाच वाणाखाली, लंपर नावाचा. एकाच जातीचा बटाटा म्हणजे एकाला लागलं की सगळ्यांना लागलं. धान्य पिकत होतं, पण ते जमिनीचा खंड भरायला. त्याच्या पोटात फक्त बटाटा.

हा दिवस घ्या ताई. आम्हा लोकांना तो कळतो.

वाडेकर_काका

सातगावकर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आकड्यांची भर घालतो. १८४१ च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या सुमारे ८२ लाख. १८५१ मध्ये साडेपासष्ट लाख. दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, दहा लाखांहून जास्त जहाजात बसून गेली. आज उत्तर-दक्षिण मिळून अख्ख्या बेटावर सत्तर लाखांच्या आसपास माणसं आहेत. पावणेदोनशे वर्षं झाली, १८४१ चा आकडा अजून गाठला गेलेला नाही.

आणि लोक मरत असताना धान्य, लोणी, जनावरं बंदरातून इंग्लंडला जात राहिली. मदतीचा कारभार लंडनहून बघत होता चार्ल्स ट्रेव्हेलियन. तोच पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला, मग कलकत्त्यात अर्थखातं सांभाळलं. बाजारात सरकारने हात घालू नये ही शिकवण पुढे आपल्याकडच्या दुष्काळातही किती घट्ट धरली गेली, हे १८७६-७८ चा दख्खनचा दुष्काळ वाचणाऱ्याला माहीत आहे.

मनमोकळी

थोडं वेगळं मत मांडते. ही लहान मुलांची दिनदर्शिका आहे. दुष्काळ, गोळ्या, खुर्चीला बांधलेला माणूस... भिंतीवर महिनाभर काय बघणार ती? सण घ्या, सूर्य घ्या, समुद्र घ्या. बाकीचं मोठी झाल्यावर वाचतील.

शिक्षक_बेळगाव

मनमोकळी ताई, मुलं तेवढी नाजूक नसतात. मी चौथीला शिकवतो. अवघड गोष्ट नीट सांगितली तर ती घाबरत नाहीत, प्रश्न विचारतात.

मनमोकळी

सर, वर्गात तुम्ही समोर असता. भिंतीवरच्या कागदाशेजारी कुणी नसतं. माझं म्हणणं एवढंच आहे.

कोर्कची_सिस्टर

दोघांचंही पटतंय, म्हणून मधला मार्ग सांगते. कॉर्कजवळ मिडलटन गावात एका बागेत नऊ भलीमोठी पोलादी पिसं उभी आहेत, वीस फूट उंच, गोलाकार, मधे ओंजळीसारखी पोकळी. १८४७ मध्ये अमेरिकेतल्या चॉक्टॉ या आदिवासी लोकांनी आयर्लंडच्या भुकेल्यांसाठी १७० डॉलर जमवून पाठवले. हे तेच लोक, ज्यांना सोळा वर्षांपूर्वी स्वतःच्या जमिनीवरून हाकलून शेकडो मैल चालवत नेलं होतं आणि वाटेत हजारो मेले होते. त्यांच्याकडे द्यायला काही नव्हतं, तरी दिलं. पिसाचं चित्र पाच वर्षांचं मूलही काढतं. दुष्काळाचा राष्ट्रीय स्मृतिदिन मे महिन्याच्या तिसऱ्या रविवारी असतो. मेच्या पानावर पिसं काढा.

कलकत्त्यातूनही तेव्हा मदत गेली होती, १४ हजार पौंडांच्या आसपास. तिथल्या आयरिश शिपायांनी आणि इतरांनी जमवलेली.

डब्लिनची_केतकी

सिस्टर, मे ठरला! मनमोकळी, तुमची काळजीही रास्त आहे, चित्राची अट त्यासाठीच होती.

बेलफास्टकर

उत्तरेकडून एक प्रतिसाद. जुलैसाठी १२ तारीख सुचवायची की नाही यावर दोन दिवस विचार करत होतो.

११ जुलैच्या रात्री आमच्या गल्लीपलीकडे लाकडी पॅलेट्सचा मनोरा पेटतो. त्या होळीपुढे आपली होळी लहान वाटावी इतका उंच. उष्णता रस्त्यापलीकडच्या खिडकीच्या काचेला जाणवते. दुसऱ्या दिवशी नारिंगी पट्टे घातलेल्या लोकांच्या मिरवणुका, बासऱ्या आणि मोठे ढोल. १६९० च्या बॉइनच्या लढाईचा विजय. इंग्लंडचा प्रोटेस्टंट राजा विल्यम, त्याने आधीच्या कॅथलिक राजा जेम्सला हरवलं. माझ्या मुलाचा एक मित्र त्या मिरवणुकीत बासरी वाजवतो. दुसऱ्या मित्राचं कुटुंब त्या आठवड्यात गाव सोडून जातं.

पंचांगवाले दादांना आवडेल असं एक सांगतो. ती लढाई त्या वेळच्या जुन्या कॅलेंडरने १ जुलैची. नव्या कॅलेंडरने ती येते ११ जुलैला. आणि जुन्या कॅलेंडरने १२ जुलैला होती दुसरीच लढाई, १६९१ ची ऑग्रिमची, जी जास्त रक्तरंजित होती. १७५२ मध्ये ब्रिटिश राज्याने कॅलेंडर बदललं आणि हळूहळू दोन्ही आठवणी १२ जुलैवर येऊन बसल्या.

मुलांच्या पानावर मी १२ जुलै घेणार नाही. पण ७ मार्च घ्या. १८४८ साली या दिवशी वॉटरफर्डमध्ये थॉमस फ्रान्सिस मार यांनी आयर्लंडचा तिरंगा पहिल्यांदा फडकवला. हिरवा कॅथलिक बाजूचा, नारिंगी विल्यमच्या बाजूचा, मधला पांढरा दोघांमधल्या शांततेचा. नारिंगी लोकांनाही त्या झेंड्यात जागा आहे, हे इथे राहणाऱ्या मुलांना कळायला हवं.

रानजाई

माझी भाची डब्लिनला पहिलीत होती तेव्हा तिने भारताचा झेंडा आडवा करून आयर्लंडचा केला होता. चक्र तसंच ठेवलं होतं मधे. बाईंनी तो वर्गात लावला.

कोल्हापूरची_मृणाल

डिसेंबरसाठी माझं मत न्यूग्रेंजला. बॉइन नदीच्याच काठी, जिथे ती लढाई झाली तिथून फार लांब नाही. पाच हजार वर्षांहून जुनं, इजिप्तच्या पिरॅमिडांच्याही आधीचं. गवताचा मोठा गोल टेकाडासारखा ढिगारा, आत एकोणीस मीटर लांबीची अरुंद दगडी वाट आणि टोकाला खोली. दारावर एक चौकोनी झरोका. वर्षभर आत काळोख. २१ डिसेंबरच्या आसपास सूर्य उगवला की त्या झरोक्यातून एक बारीक किरण आत शिरतो, जमिनीवरून सरकत खोलीपर्यंत जातो, रुंदावतो आणि सतरा मिनिटांत मागे फिरतो. १९६७ मध्ये प्रा. ओकेली यांनी आत बसून तो पाहिला. आता आत जाण्यासाठी सोडत काढतात.

मी अंबाबाईच्या देवळाशेजारी वाढले. आमच्याकडे किरणोत्सव ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, आणि पुन्हा ९, १०, ११ नोव्हेंबर. मावळतीचं ऊन महाद्वारातून आत येतं. पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर. ढग आले किंवा बाहेर कुणी इमारतीचा मजला चढवला की अख्खं गाव हळहळतं. लहानपणी आजीच्या कडेवरून मी पाहिला. गाभाऱ्यात कुणी बोलत नव्हतं, आजीचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

वर १ फेब्रुवारी वाचलं आणि थबकले. सेंट ब्रिजिडच्याही आधी तो दिवस इम्बोल्कचा, वसंताच्या सुरुवातीचा. आणि नोव्हेंबरच्या आरंभी साउइन, हिवाळ्याचा आरंभ. टारा टेकडीवरच्या एका जुन्या थडग्याची वाट या दोन दिवसांच्या सूर्योदयाकडे रोखलेली आहे. आमचे किरणोत्सवाचे दिवसही त्याच सुमाराचे! यात काही गूढ नाही. हिवाळी अयनदिनाच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर सूर्य सारख्याच जागी येतो, दगड रचणाऱ्याला ते ठाऊक असायला हवं, एवढंच. पण दोन्हीकडे ठाऊक होतं.

पंचांगवाला

मृणालताई, या प्रतिसादाला दंडवत. जुन्या आयरिश लोकांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होई, म्हणून साउइन १ नोव्हेंबरचा असूनही साजरा होतो ३१ ऑक्टोबरच्या रात्री. तोच हॅलोवीन. मेलेली माणसं त्या रात्री घरी येतात अशी समजूत. आयरिश भाषेत नोव्हेंबर महिन्याचं नावच साउइन, मेचं ब्याल्टना, ऑगस्टचं लूनसा. जुने सण महिन्यांची नावं होऊन बसले.

अबोली_के

आणि हॅलोवीनचा भोपळा अमेरिकेतला. आयर्लंडात सलगम कोरायचे. त्या दिवशी बार्मब्रॅक नावाची मनुकांची पावासारखी भाकर कापतात. आत अंगठी निघाली तर लग्न, नाणं निघालं तर पैसा, चिंधी निघाली तर गरिबी. माझ्या शेजारीणबाई दर वर्षी मला अंगठीचाच तुकडा मिळेल असा कापायच्या. लग्न ठरलं त्या वर्षी त्यांनी केवढा जल्लोष केला!

मालवणी_तो

जूनमध्ये काय? १४ जून २०१७, लिओ वराडकर टीशॉख झाले, म्हणजे तिथले पंतप्रधान. वडील आमच्या मालवण तालुक्यातल्या वराड गावचे, डॉक्टर होऊन तिकडे गेलेले. लिओ वराडकर २९ डिसेंबर २०१९ ला गावी आले होते. सगळं कुटुंब बरोबर, वेशीपासून ढोलताशे, म्हाताऱ्या बायका ओवाळायला उभ्या. आम्ही शेजारच्या गावातून मोटारसायकलवर गेलो होतो.

वकील_नागपूर

२९ डिसेंबर? त्याच तारखेला १९३७ मध्ये आयर्लंडची राज्यघटना अमलात आली. तिच्या ४५व्या कलमातली धोरणाची मार्गदर्शक तत्त्वं आपल्या घटनेच्या चौथ्या भागात आली, कलम ३६ ते ५१. राज्यसभेवर बारा सदस्य नेमायची कल्पनाही त्यांच्या सिनेटवरून. बाबासाहेबांच्या घटनेची एक मुळी डब्लिनपर्यंत जाते, हे नागपुरात राहणाऱ्याला सांगावंसं वाटतंच.

कोर्कची_सिस्टर

जूनचं मला सांगायचंय.

२३ जून १९८५. एअर इंडियाचं कनिष्क विमान बॉम्बस्फोटात कॉर्कच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलं. ३२९ माणसं. १३१ मृतदेह मिळाले. ते समुद्रातून काढायला नौदलाची आणि मालवाहू जहाजं, हेलिकॉप्टर सगळे धावले. कॉर्कमधल्या जुन्या नर्सेस आजही त्या आठवड्याबद्दल बोलताना हळू बोलतात. नातेवाईक भारतातून, कॅनडातून आले तेव्हा कॉर्कच्या लोकांनी त्यांना आपल्या घरी नेलं.

आहाकिस्टा नावाच्या छोट्याशा गावात समुद्राकाठी एक बाग आहे, मधे सूर्यघड्याळ, भिंतीवर नावं. दर वर्षी २३ जूनला सकाळी सव्वाआठच्या सुमाराला तिथे सगळे स्तब्ध उभे राहतात. मी सहा वेळा गेले आहे. गावातली माणसं येतात, ज्यांचं कुणीच त्या विमानात नव्हतं. एक आजोबा मला म्हणाले, ही आमच्या दाराशी आलेली माणसं. मी नावं वाचत जाते. आपली नावं आहेत.

डब्लिनची_केतकी

जून ठरला, सिस्टर. मुलांना सूर्यघड्याळ काढायला सांगते. ब्लूम्सडे यंदा राहू दे. मालवणी दादा, वराडकरांसाठी २९ डिसेंबर आहेच, घटनेबरोबर, खालच्या पट्टीत.

शिक्षक_बेळगाव

एक तारीख मी मुद्दाम मागे ठेवली होती. आमच्या गावाची आहे म्हणून लिहिताना जड जातंय.

२८ ऑक्टोबर २०१२. सविता हलप्पनवार, बेळगावची लेक, गॉलवेत गेली. सतरा आठवड्यांची गरोदर होती, गर्भ वाचणार नाही हे कळलं होतं. तिने गर्भपाताची विनंती केली, ती कायद्याचं कारण सांगून नाकारली गेली आणि जंतुसंसर्गाने तिचा जीव गेला. एकतीस वर्षांची. त्यानंतर आयर्लंडभर लोक मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर आले. २५ मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के लोकांनी घटनेतली गर्भपातबंदीची आठवी दुरुस्ती काढून टाकली. डब्लिनच्या एका भिंतीवर तिचं चित्र होतं, त्याभोवती लोकांनी हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. आमच्या शाळेतल्या बाईंनी त्या फोटोची छापील प्रत कितीतरी दिवस पर्समध्ये ठेवली होती.

रानजाई

सर, २८ ऑक्टोबर म्हणजे भगिनी निवेदितांचाही जन्मदिवस. १८६७, उत्तर आयर्लंडमधलं डंगॅनन. मूळच्या मार्गारेट नोबल. तिथून इथे आल्या आणि इथल्याच झाल्या.

शिक्षक_बेळगाव

हे मला माहीत नव्हतं. एक तिकडून आली, एक इकडून गेली. दोन्हींची तारीख एकच.

मनमोकळी

मी वर भिंतीवरच्या कागदाबद्दल बोलले होते. हे घ्या. मोठ्या मुलींना सविता माहीत असायला हवी, लहानांना निवेदितांची शाळा सांगता येईल. चित्र दोन पणत्यांचं काढा. दिवाळीही त्याच सुमाराला असते.

कोर्कची_सिस्टर

आणि जानेवारीला ६ तारीख! नॉलिग ना मॉन, बायकांचा ख्रिसमस. सणाचे बारा दिवस राबलेल्या बायकांनी त्या दिवशी काही करायचं नाही. स्वयंपाक, भांडी, मुलं सगळं पुरुषांकडे. बायका एकमेकींकडे चहा-केकला जातात. कॉर्क आणि केरीत अजून छान पाळतात. आमच्या वॉर्डातल्या सगळ्या जणी दर वर्षी एकत्र जेवायला जातो.

अबोली_के, रानजाई, चिंगी_०७ आणि मनमोकळी यांच्याकडून

एकमताने मंजूर. ३ तारखेला सावित्रीबाई आणि ६ ला हा, जानेवारीचं पान भरलं.

पंचांगवाला

भारत-आयर्लंडची अजून एक: २८ जून १९२०. जालंधरच्या छावणीत कॉनॉट रेंजर्सच्या आयरिश शिपायांनी आपल्या देशातल्या इंग्रजांच्या अत्याचारांविरुद्ध बंदुका खाली ठेवल्या. ते लोण सोलनच्या छावणीत पोचलं आणि तिथल्या जेम्स डेलीला २ नोव्हेंबर १९२० ला दगशाईत गोळ्या घातल्या. पन्नास वर्षांनी, १९७० मध्ये, त्याच्या अस्थी आयर्लंडला गेल्या. नोव्हेंबर रिकामा असेल तर हा घ्या.

डब्लिनची_केतकी

घेतला. आता एप्रिलच्या पानावर ईस्टरच्या रविवारी उठाव, आणि त्याखाली बारीक अक्षरात: "याच आठवड्यात बेळगावात होमरूल लीग." जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर अजून रिकामे आहेत. ऑगस्टला लूनसा घ्यावा म्हणते, पहिल्या पिकाचा सण. नारळी पौर्णिमेच्या जवळच येतो. जुलैला आणि सप्टेंबरला कुणी काही सुचवा.

ज्या मुलीने प्रश्न विचारला होता तिला काल फोनवर हे सगळं वाचून दाखवलं. तिला मे महिना हवाय. पिसांच्या खाली बटाट्याचं रोपही काढायचंय म्हणते, पण फुलं कशी असतात ते तिने पाहिलेलं नाही.

सातगावचा_शेतकरी

ताई, आमच्या रानातला मागच्या खरिपातला फोटो खाली टाकलाय. पांढरी पाच पाकळ्यांची फुलं, मधे पिवळा दांडा. काही वाणांना जांभळी येतात. पानं काढताना सांगा तिला, एका देठावर समोरासमोर जोड्या आणि टोकाला एक मोठं पान. हिरवीगार काढायची, डाग नको.